सुट्या टपाची कथा

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या यंत्राचा इतिहास लिहितात. किती अश्वशक्ति, ताशीं किती मैल, केवढा चढ चढली, याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. डोक्यावरील टपाची आठवण मात्र पहिला पाऊस आल्यावांचून कोणास होत नाहीं. परंतु रस्ता सोडून शेतांत, रानांत आणि वाळूंत चालण्यासाठीं ज्या गाड्या निर्माण झाल्या, त्यांपैकीं कांहींचा टप हा एक निराळाच पदार्थ होता. तो गाडीला कायमचा जडलेला नसे. बोल्ट सोडावे, चार माणसांनीं चार कोपरे धरावे आणि तो उचलून परसांत ठेवावा. थंडीपावसाचे दिवस आले कीं पुन्हां आणून चढवावा, अशी त्याची योजना होती. अशा जुन्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याचा छंद आज अमेरिकेंत, इंग्लंडांत, ऑस्ट्रेलियांत आणि आपल्याकडेही अनेकांस आहे. बंद पडलेलें यंत्र सुरू करणें, गंजलेला पत्रा बदलणें, रंग देणें हीं कामें कष्टाचीं खरीं. पण काढून ठेवलेला टप पुन्हां चोख बसविण्याची वेळ आली म्हणजे भल्याभल्या कारागिरांची परीक्षा होते. असें कां व्हावें, याचें उत्तर कारागिरींत जितकें आहे तितकेंच इतिहासांतही आहे.

या कथेचा आरंभ कापडापासून होतो. दुसरें महायुद्ध पेटलें असतां अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाकांस जोर असलेली टेहळणीची गाडी हवी होती. १९४० च्या जुलै महिन्यांत लष्करानें १३५ कारखानदारांस निमंत्रण धाडलें. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील बटलर गांवच्या अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्यानें पहिला नमुना सिद्ध केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदत संपण्यास थोडासाच अवकाश उरला असतां, तो मेरीलंडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर पोंचविला. पुढें विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून युद्धकाळांत अशा सुमारें ६ लाख ४० हजार गाड्या बांधल्या. हीच जगप्रसिद्ध जीप. तिच्या पुढच्या व मागच्या आंसांमध्यें ८० इंचांचें अंतर होतें, समोरची काच चौकटीसह पुढें आडवी पाडतां येत असे, पोलादी दरवाजे नव्हतेच. आणि टप म्हणजे लोखंडी कमानींवर ताणलेली ताडपत्री. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलीज जीपची जोडणी सुरू केली. तेव्हांपासून आपल्याकडे जीपचें हूड म्हटलें कीं हेंच कापड डोळ्यांपुढें उभें राहूं लागलें.

ताडपत्रीच्या अंगीं एक मोठा गुण असतो. ती क्षमाशील असते. कमान अर्धा इंच वांकली, एखादा पत्रा जरा आंत दबला, समोरची चौकट किंचित् मागें झुकली, तरी पट्टा थोडा अधिक ओढला कीं भागतें. खालच्या शरीराची वांकडीतिकडी ठेवण कापड मुकाट्यानें आपल्या अंगावर घेतें. युद्धाच्या घाईंत बांधलेल्या गाडीला असाच सोबती योग्य होता. तेव्हां जीपच्या वंशांतील गाड्यांचें शरीर मुळांत कापडाच्या हिशेबानें घडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवणें जरूर आहे.

युद्ध संपलें आणि तीच गाडी शेतांत आली. इंग्लंडांतील रोव्हर कंपनीचे तांत्रिक प्रमुख मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती. तेथें ते लष्करानें विकून टाकलेली एक जीप वापरीत. तिच्या जागीं आपलीच एखादी गाडी कां नसावी, या विचारांतून १९४७ सालीं प्रयोग सुरू झाले. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर उभारला होता. ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर जगापुढें आली. तिच्याही आंसांमधील अंतर ८० इंचच होतें. त्या काळीं इंग्लंडांत पोलादाची टंचाई असल्यामुळें शरीराचे बहुतेक पत्रे बर्माब्राइट नांवाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूचे केले. मोठमोठे सांचे करविण्याचा खर्च टाळण्यासाठीं पोलादाच्या सपाट पट्ट्या कडेला कडा जोडून पेटीसारखी चासी बनविली. टप मात्र तिचाही आरंभीं ताडपत्रीचाच होता.

परंतु इंग्लंडचा पाऊस व थंडी यांस ताडपत्री किती दिवस तोंड देणार? त्याच वर्षीं टिकफर्ड या गाडीबांधणाऱ्या कंपनीकडून ॲश लांकडाच्या सांगाड्यावर पत्रा मढविलेलें बंद शरीर करवून पाहिलें. तें सुबक होतें, पण महाग पडे. १९५१ मध्यें तें बंद झालें. खरा लोकप्रिय उपाय ठरला तो पत्र्याचा सुटा टप. पुढें समोरच्या काचेच्या चौकटीस आणि मागें हौद्याच्या कडांस तो बोल्टांनीं आवळीत. उष्ण देशांसाठीं तर छपरावर थोडें अंतर सोडून दुसरें छप्परही देत. मधून वारा वाही आणि आंतील माणसांच्या डोक्याचा ताप कमी होई.

पुढच्या दोन दशकांत ही कल्पना जगभर पसरली. जपानांत टोयोटा कंपनीची चाळीस या क्रमांकाची लँड क्रूझर १९६० सालीं आली. तिच्या सुट्या टपाच्या बाजू पोलादी आणि वरचें छप्पर कांचतंतूंचें असे. शेतीचीं अवजारें व ट्रॅक्टर यांसाठीं नांवाजलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९६१ सालीं अमेरिकेंतील फोर्ट वेन येथून स्काउट नांवाची गाडी बाजारांत आणली. फोर्डनें ऑगस्ट १९६५ मध्यें ब्रॉन्को जाहीर केली. हिच्या आंसांमध्यें ९२ इंचांचें अंतर होतें आणि ती तीन रूपांत मिळे: अगदीं उघडी, अर्ध्या टपाची आणि पूर्ण टपाची. एकाच हौद्यावर तीन पोशाख, अशी ही सोय होती. शेतकऱ्यानें आठवडाभर ती उघडी वापरावी आणि रविवारीं टप चढवून कुटुंबास बाहेर न्यावें, हें तिचें आकर्षण.

कापडाच्या जागीं पत्रा आला आणि हिशेब पालटला. वरवर पाहतां टप म्हणजे डब्याचें झाकण. पण डब्याच्या झाकणाला एकाच कडेशीं जुळवून घ्यावें लागतें. टपाला पांच शेजारी सांभाळावे लागतात. पुढें काचेची चौकट, दोहों बाजूंस दोन दरवाजे, खालीं हौद्याच्या कडा आणि मागें फाळका. बरें, हे शेजारी तरी स्थिर असावे? चौकट बोल्टांवर पुढें-मागें झुकते, दरवाजे बिजागऱ्यांवर वरखालीं सरकवितां येतात, फाळका आपल्या जागीं हलतो, आणि सबंध हौदा चासीवर रबरी उशांवर बसलेला असतो. ताडपत्री या सर्वांचे दोष पोटांत घाली. पोलाद कोणाचाही दोष पोटांत घालीत नाहीं. तें तो दोष सांध्यावर उघडा करून दाखवितें.

हें कारखान्यांतील लोकांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. म्हणूनच त्यांनीं बोल्टांचीं पुष्कळशीं छिद्रें गोल न ठेवतां लांबट किंवा बोल्टापेक्षां मोठीं ठेवलीं, हौदा व चासी यांच्यामध्यें पातळ चकत्या घालण्यास जागा सोडली आणि सांध्यांत जाड रबराची पट्टी बसविली. चासीवर हौदा ठेवतांना जेथें पोकळी दिसेल तेथें एक चकती, जेथें अधिक दिसेल तेथें दोन, अशा रीतीनें प्रत्येक गाडी हातानें सावरली जाई. एकाच दिवशीं, एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन गाड्यांच्या चकत्या सारख्या असतीलच असें नाहीं. याचा अर्थ असा कीं, टप हा कागदावर सर्व गाड्यांस सारखा असला तरी प्रत्यक्षांत तो एका विशिष्ट गाडीशीं जुळलेला असे.

नंतर काळानें आपलें काम केलें. पुष्कळ मालकांनीं एका उन्हाळ्यांत टप काढला तो पुन्हां चढविलाच नाहीं. तो कोठारामागें भिंतीस टेकून उभा राहिला, स्वतःच्या भारानें पिळवटला. गाडी एकास विकली गेली आणि टप दुसऱ्यास, नाहींतर भंगारवाल्यास. त्यामुळें आज जीर्णोद्धारास आलेल्या अनेक गाड्यांवर दुसऱ्याच गाडीचा टप असतो. ज्यांचा टप शाबूत राहिला त्यांची कथाही फारशी निराळी नाहीं. सांध्यांतील रबर वाळून भेगाळलें म्हणजे पागोळ्यांचें पाणी आंत उतरतें. तें दरवाज्यांच्या खांबांतून ओघळून तळाशीं सांचतें आणि खांबाचें मूळ व पायाखालचा पत्रा कुजवितें. मूळ कुजलें कीं खांब कलतो. खांब कलला कीं टप आणखी निसटतो. टप निसटला कीं आणखी पाणी येतें. छपराच्या लहानशा फटीनें पाया खाल्ला आणि खचलेल्या पायानें ती फट रुंद केली, असें हें चक्र वर्षानुवर्षें फिरत राहतें. म्हणूनच बिघाड टपावर दिसतो, पण तो नेहमीं टपांतच असतो असें नव्हे.

येथेंच जाणता कारागीर आणि उतावळा हौशी यांच्या वाटा फुटतात. उतावळा मनुष्य सर्वांत शेवटीं, रंग वाळल्यावर, टप चढवूं पाहतो. जाणता मनुष्य टपाचा विचार पहिल्या दिवशीं करतो. गाडी मोकळी करण्यापूर्वींच तो प्रत्येक फटीचें माप वहींत टिपतो, कोणत्या बोल्टाखालीं किती चकत्या निघाल्या त्या मोजून वेगवेगळ्या पुड्यांत बांधतो आणि छायाचित्रें घेतो. त्या गंजक्या चकत्या म्हणजे ज्या अनामिक कामगारानें ती गाडी प्रथम सावरली त्याचें हस्ताक्षर होय. तें एकदां पुसलें गेलें म्हणजे पुन्हां वाचावयास मिळत नाहीं.

मग तो खालून वर येतो. पहिली तपासणी चासीची. शाळेंत भूमितीच्या तासाला मुलांस शिकवितात कीं, समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या म्हणजे चौकोन काटकोनी झाला असें नाहीं. त्याचे दोन्ही कर्णही सारखे भरले पाहिजेत. चासीच्या व हौद्याच्या दोन्ही कर्णांचें माप घेतल्यावांचून पुढें जाणें म्हणजे ओळंबा न लावतां भिंत रचणें होय. हें माप गाडी सपाट जमिनीवर, आपल्या आंसांवर भार देऊन उभी असतां घ्यावयाचें. कारण मध्येंच ठोकळे लावून उचललेली चासी थोडी वांकते आणि त्या स्थितींत जुळविलेले सांधे चाकें टेकतांच पुन्हां बिघडतात. त्यानंतर चासी व हौदा यांमधील रबरी उशा. जुन्या उशा दबून चपट्या झालेल्या असतात, नव्या उंच असतात. अर्धेंच रबर बदललें तर हौदा एका बाजूस वर उचलला जाणार, हें उघड आहे.

दरवाज्याखालचा कुजलेला पत्रा कापण्याची वेळ तर विशेष जपण्याची. कापण्यापूर्वीं दरवाज्याच्या पोकळींत आडव्या व तिरप्या पोलादी पट्ट्या तात्पुरत्या जोडून ती पोकळी बांधून ठेवावी लागते. तसें न केलें तर खालचा आधार जातांच दोन्ही खांब आपापल्या मनाप्रमाणें सरकतात. येथें समरूप त्रिकोणांचा नियम निष्ठुरपणें आपला अंमल बजावतो. समजा, काचेच्या चौकटीचा खालचा आधार १२ इंच लांब आहे आणि त्याचें मागचें टोंक एक-षोडशांश इंच वर राहिलें. तेवढा फरक खालीं डोळ्यांस दिसणारही नाहीं. पण तेथून ३६ इंच उंचीवर, म्हणजे जेथें टप बसावयाचा तेथें, चौकट त्याच्या तिप्पट, तीन-षोडशांश इंच पुढें गेलेली असते. बोल्ट छिद्रांत न शिरण्यास तेवढें पुरें होतें. तळाशीं झालेली चूक वर जातांना वाढत जाते. म्हणून ती वर दुरुस्त करणें नेहमीं महागांत पडतें.

पाया सरळ झाल्यावर दरवाजे टांगावयाचे आणि त्यांच्या भोंवतालची फट सर्वत्र सारखी करावयाची. मग काचेची चौकट सैल बोल्टांवर उभी करावयाची. त्यानंतर टप. तो रंगापूर्वींच एकदां चढवून पाहतात. पहिल्यानें रबरावांचून, म्हणजे पत्रा पत्र्याशीं कसा मिळतो तें कळतें. मग रबरासह, कारण रबराची जाडी टपाला उचलून धरते. सर्व बोल्ट आधीं दोन-दोन आटे फिरवून केवळ अडकवावयाचे. शेवटचा बोल्ट शिरल्याखेरीज पहिला आवळावयाचा नाहीं. एक कोपरा आधीं घट्ट केला कीं उरलेले तीन हट्टाला पेटतात. मग दरवाजे उघडून मिटून पाहावे, मागचा फाळका लावून पाहावा, चौकट केसभर पुढें-मागें करावी आणि थोडें येथें, थोडें तेथें, असें पाळीपाळीनें आवळीत जावें.

रबराचीही एक कुरकुर असते. आज नव्यानें ओतलेलें रबर मूळच्यापेक्षां पुष्कळदां कठीण लागतें. तें दबत नाहीं, म्हणून फाळका मिटत नाहीं आणि कारागीर पत्र्यास दोष देत बसतो. अशा वेळीं कांहीं दिवस दरवाजे बंद ठेवून गाडी उन्हांत उभी करणें हा सोपा उपाय आहे. रबर सर्वत्र टेकतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यावर खडू फिरवितात आणि फाळका मिटून उघडतात. जेथें पत्र्यावर पांढरी रेघ उमटली तेथें रबर टेकलें. जेथें रेघ तुटली तेथून पाणी शिरणार. दोन पैशांचा खडू येथें मोठ्या यंत्राचें काम करतो.

इतकें करूनही एखादें छिद्र जुळत नाहीं, आणि मोहाचा क्षण येतो तो येथें. कानस हातीं घ्यावी, छिद्र ओढून मोठें करावें, कडा घांसून टाकावी, उरलेली पोकळी लांबीनें भरून वर रंग द्यावा. प्रदर्शनांत पाहणाऱ्यास कांहीं कळणार नाहीं. पण खालचा दोष तसाच राहतो. पहिल्याच खडबडीत वाटेवर चासी पिळवटते, लांबी तडकते आणि त्या तडेंतून तेंच जुनें चक्र पुन्हां सुरू होतें. शिवाय जें कापलें तें परत येत नाहीं. पुढें त्या गाडीचा मूळचा टप कोठें सांपडला तरी तो आतां तिजवर बसणार नाहीं. चकती काढतां येते, बोल्ट सैल करतां येतो. कानशीचा घांस मात्र कायमचा असतो. म्हणून जें परत फिरवितां येईल तें आधीं करावें, आणि जें परत फिरवितां येणार नाहीं तें सर्व उपाय थकल्यावर, हा जीर्णोद्धाराचा धर्म होय.

याच्या उलट टोंकाची एक चूकही घडते. कांहीं कसबी लोक प्रत्येक फट दोऱ्यासारखी सरळ व समान करतात. कारखान्यांतून निघाली तेव्हां ती गाडी जितकी नेटकी नव्हती तितकी आज होते. ती डोळ्यांस सुंदर दिसते यांत शंका नाहीं. परंतु शेतांत, रानांत राबण्यासाठीं बांधलेल्या गाडीच्या सांध्यांत थोडी विषमता असणें हें तिच्या जन्माचें खरें वर्णन आहे. तें पुसून टाकणें म्हणजे जुन्या पोथीची नक्कल करतांना लेखकाची भाषाही सुधारून टाकण्यासारखें आहे. पाणी आंत येऊं नये इतपत चोखपणा अवश्य हवा. त्यापुढचा चोखपणा कोणासाठीं, हा प्रश्न प्रत्येक जीर्णोद्धारकानें स्वतःस विचारावयाचा आहे.

सुट्या टपाचें युग फार काळ टिकलें नाहीं. शेव्हरोले कंपनीची ब्लेझर १९६९ सालीं कांचतंतूंचा सबंध सुटा टप घेऊन आली. पण १९७६ पासून तिच्या पुढच्या आसनांवर पोलादी छप्पर कायमचें झालें आणि सुटा राहिला तो मागचा भाग. ब्रॉन्कोनेंही १९७८ सालीं तोच मार्ग धरला. १९८० च्या ऑक्टोबरांत शेवटची स्काउट बांधली गेली आणि चाळीस क्रमांकाची लँड क्रूझर १९८४ सालीं थांबली. २०२१ सालीं फोर्डनें नव्या ब्रॉन्कोवर सुटा कठीण टप पुन्हां आणला. परंतु फार पाणी व दमट हवा लागतां त्यांतील एका प्रकारच्या टपांचा पृष्ठभाग बिघडूं लागला, आणि तोंवर बसविलेले त्या प्रकारचे सर्व टप बदलून देण्याचें कंपनीला त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें जाहीर करावें लागलें. संगणकानें आंखलेल्या कारखान्यांतही हा पदार्थ अजून सहज वश होत नाहीं, हें यावरून दिसतें.

तेव्हां एखाद्या जुन्या गाडीचा टप नीट बसत नसेल तर त्यावर रागावण्याचें कारण नाहीं. तो खोटें बोलत नाहीं इतकेंच. चासीपासून फाळक्यापर्यंत जें जें वांकडें झालें, जें जें झांकून ठेवलें, त्याची तो एका सांध्यावर बेरीज करून दाखवितो. त्याचें ऐकून जो खालीं उतरतो, उशी पाहतो, खांबाचें मूळ पाहतो, कर्ण मोजतो, त्याच्या गाडीवर एके दिवशीं शेवटचा बोल्ट बोटांनींच फिरत आंत जातो. आणि मग पावसाच्या पहिल्या सरींत आंतील आसन कोरडें राहतें.